टोक तुटलेला बिल्ला

प्रिय ताई,

शिरसाष्टांग नमस्कार, आणि लगोलग तक्रार. तू पाठवलेल्या फोटोत भावोजींना शिरच नाही. धड आहे, उदर तर विपुल आहे, वर नुसता पडदा. फोटोग्राफरची नात आणि हा शिरच्छेद! आजोबांनी तुझ्या हातातला कॅमेरा काढून झाडू दिला असता.

आजोबांवरून आठवलं. नगरपालिकेने प्रदर्शनासाठी आपल्या स्टुडिओतले युद्धकाळातले फोटो मागितले. दिले. लगेच अध्यक्ष घाम पुसत हजर. कोटांवरचे तेव्हाच्या त्या हुकूमशाही पक्षाचे बिल्ले तेवढे पुसून द्या, मोठमोठी घराणी आहेत, कशाला उगाच शोभा! मी म्हटलं, मस पुसतो, सुरकुत्या पुसतो, हे पुसणार नाही. आणि त्यांच्या हाती भिंग दिलं. तुला ठाऊकच आहे, बिल्ला एकच होता, आरशाशेजारच्या खिळ्यावर, कंगव्याच्या जोडीला. ज्याच्याकडे नसेल त्याला आजोबा स्वतः लावून द्यायचे आणि फोटो झाला की काढून घ्यायचे. त्यावरच्या विजेच्या चिन्हाचं एक टोक तुटलेलं. डॉक्टर, न्यायाधीश, अध्यक्षांचे आजोबा, सगळ्यांच्या छातीवर तेच तुटकं टोक! अध्यक्ष म्हणाले, अहो, यात तुमच्याच घराची अब्रू जाईल. म्हटलं, जाऊ दे की. आणि त्याच संध्याकाळी आजोबांचा स्वतःचा फोटो दर्शनी काचेत लावला, बिल्ल्यासकट. दुसऱ्या दिवशी काच फुटलेली. फोटो तिथेच आहे. परवाना रद्द करण्याच्या धमक्या येतात, त्या मी चहाबरोबर घेतो.

इथपर्यंत तुझा भाऊ शूर आहे. काल मात्र खिळा रिकामा दिसला. बिल्ला तुझ्या लाडक्या भाचीच्या जाकिटावर होता. तिच्या कॉलेजात हल्ली पुन्हा लावतात म्हणे. खुर्चीत ताठ बसून म्हणाली, बाबा, माझाही काढा, पणजोबांसारखा. तुम्ही त्यांना काचेत मानाने बसवलंत तेव्हाच कळलं, तुम्ही आमच्या बाजूचे.

मी फोटो काढला नाही. बिल्ला मागितला, तिने दिला नाही. फोटो उतरवणार नाही, ताई, पण तो कशासाठी लावलाय हे मला तिला सांगता आलं नाही. ती तुझं ऐकते. मिळेल त्या गाडीने ये. अध्यक्षांची मला भीती नाही. माझ्या मुलीची वाटते.

तुझाच,
अजून न हललेला धाकटा