मनावर घ्या

४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

अपमान बाईचा झाला, तर समजूतही तिचीच का काढायची? फोनवर मी रडते आणि तू भांडतेस, म्हणून पत्र.

आम्ही काहीजण इंटरनेटवर हौसेनं, बिनपगारी, सगळ्यांसाठी नकाशा बनवतो, हे तुला ठाऊक आहेच. तिथे बायका टिकत नाहीत म्हणून मंडळींनी मला ‘स्वागतिका’ केलं. वेडंवाकडं बोलणाऱ्याला नकाशाच्या कामातून महिनाभर बंद करायचा अधिकारही दिला; पण तो वापरायचा मास्तरांना विचारून. मास्तर म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने.

काल एका नर्सबाईंनी फिरतीवर स्वतः पाहिलेली बायकांची स्वच्छतागृहं नकाशावर घातली. मास्तरांनी ती पुसली आणि सगळ्यांसमोर लिहिलं, की बाईंनी आधी घरातली मोरी घासावी. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग! मला मंडळींचा निरोप आला, ती सोडून जाईल, तिला गोड बोलून थांबव. मी लिहिलंही, मनावर घेऊ नका म्हणून. तेव्हापासून अंगाची आग होते आहे.

एवढ्या रागातही तुझ्यावर लोभ आहेच.

तुझी धाकटी

९ फेब्रुवारी

चि. पदवीबाईंस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

घरातली पहिली पदवी तुझी. आई अजून शेजारणींना तो काळ्या झग्यातला फोटो दाखवते, आणि तू तिथे मास्तरांची सारवासारव करतेस? दादा म्हणतो, पगार नाही तर सोडून दे. मी म्हणते, का सोडायचं? तो अधिकार काय शोकेसमध्ये ठेवायला दिलाय? मात्र तुलाही हाकलतील. ते सोसेल का, एवढं बघ.

जेवत जा. माया आहे तशीच आहे.

ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

धपाटा लागला. मंडळींना विचारलं, या वेळी मास्तरांची समजूत कोणी काढेल का? म्हणाले, त्यांचा स्वभावच तसा. नव्या बाईसाठी जुना माणूस दुखवायचा का? आणि फार ताणलंस तर तुलाच काढू. मी पेला असा आपटला, की शेजारच्या खोलीतली मुलगी धावत आली.

ज्या गल्ल्या मी पायी फिरून नकाशावर आणल्या, त्या आता कदाचित दुसऱ्याच्या हाती जातील. जाऊ देत. नर्सबाईंना मी लिहिलं, मनावर घ्या. त्यांची स्वच्छतागृहं परत नकाशावर घातली. मास्तरांना महिनाभर बंद केलं, कोणाला न विचारता. कारण सगळ्यांना दिसेल असं लिहिलं आणि खाली माझं पूर्ण नाव घातलं.

इकडे बऱ्याच जणांचा लोभ आटला आहे. तुझा तेवढा वाढव.

तुझी धाकटी