चष्म्याच्या घरातल्या गोळ्या

ता. ३ मार्च

चि. ठमीस मामाचे अ. उ. आ.

तुझ्या प्रयोगशाळेत रक्त देऊन आलो आणि झोपच उडाली. डॉक्टर म्हणतात, थायरॉईडची ग्रंथी बेफाम धावते आहे, औषध सुरू करू. मामी म्हणाली, चला, घरात कोणीतरी धावते आहे. मला हसू आले नाही. मी नीट जेवतो, जिना चढतो, मग हे कुठून आले? रक्त घेताना तू शेजारच्या टेबलावरच्या बाईंशी बोलत होतीस. नळ्यांची अदलाबदल झाली असेल असे तुझ्या साहेबांना सगळ्यांदेखत सांगून आलो. राग मानू नकोस, जिवाची धास्ती वाईट.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा मामा

ता. ७ मार्च

ती. मामांना सा. न. वि. वि.

साहेबांनी मला रक्त घेण्याच्या कामावरून काढून बाटल्या धुवायला बसवले आहे. चूक माझी ठरली तर नोकरी जाईल. मामा, नळीवर तुमचे नाव मी तुमच्यासमोर चिकटवले होते. काही गोळ्या घेता का, असेही विचारले होते. तुम्ही मामीकडे पाहिलेत आणि नाही म्हणालात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतल्या तर आमची तपासणी फसते. ग्रंथी ठणठणीत असते आणि आकडे भलतेच येतात. घेत असाल तर आधी डॉक्टरांना सांगा, नको ते औषध पोटात जायला नको. मामीला मी काही बोलणार नाही.

डोक्यावर हात असू द्यावा.

तुमची ठमी

ता. १९ मार्च

चि. ठमीस,

अ. उ. आ. लिहायला हात धजत नाही. शाळेतल्या मित्रांचा एकत्र फोटो निघायचा आहे. ते मला अजून गोटा म्हणतात. म्हणून त्या गोळ्या आणल्या. लवकर गुण यावा म्हणून दुप्पट घेत होतो, चष्म्याच्या घरात लपवून. मामीसमोर कसे सांगणार होतो? तुझे पत्र वाचून आरशातही बघवेना.

डॉक्टरांनी गोळ्या थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त तपासले. सगळे ठीक निघाले. मग तुझ्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, आत बसून बोलू. मी म्हणालो, तक्रार बाहेर केली होती, तर हेही बाहेरच सांगतो. बाकांवर माणसे होती, मामीही होती. टोपी काढली आणि सगळे सांगितले. कोणी हसले नाही, तेच जास्त लागले. तुला तुझे काम परत देतो असे साहेब म्हणाले. घरी येताना मामीने टोपी आपल्या पिशवीत टाकली, ती अजून दिलेली नाही.

पुढच्या वेळी सुई तूच धर. आधी गोळ्यांचे विचार, आणि मामीसमोरच विचार.

राग सरेल तेव्हा लोभ असावा.

तुझा मामा