अभिप्रायवहीतलं अक्षर

मंगळवार, ४ मार्च

"घरात कमी बोलणारा माणूस बाहेर कुठेतरी बोलत असतोच." लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या होत्या, सासऱ्यांबद्दल. तेव्हा मी हसले होते. तेवीस वर्षांनी आज ते वाक्य डोक्यातून जात नाही.

प्रकाशकांनी नवं काम दिलंय. शहरातल्या छोट्या, चमत्कारिक संग्रहालयांची पुस्तिका. छपाईआधीची मुद्रितं तपासणं माझ्याकडे, शिवाय पत्ते आणि वेळा स्वतः जाऊन ताडून बघायच्या. जेवताना नवऱ्याला सांगितलं तर त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, तिथे कोण कुत्रं जातं? फोनवर विचार की.

फोनवर! पंधरा वर्षं मुद्रितं तपासतेय, एकदाही याने माझ्या कामात नाक खुपसलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

कुलपांचं संग्रहालय. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, चारशे कुलपं. राखणदार काका म्हणाले, "बाई, चोरसुद्धा फिरकत नाही इकडे. कुलपं बघून त्याला वैताग येतो." पुस्तिकेत वेळ दहा ते पाच. खरी वेळ काकांचा डोळा लागेपर्यंत.

निघताना अभिप्रायवही चाळली. सवय! १९ फेब्रुवारी, बुधवार — "दोघांनाही फार आवडलं." सही नाही. मला सहीची गरजही नाही. नवरा इमारतींचे नकाशे काढतो. त्याची अक्षरं पट्टीला पाठ टेकून उभी असतात.

बुधवारी तो 'साइटवर' असतो.

दोघांनाही. दुसरं कोण?

शुक्रवार, ७ मार्च

विचारलं नाही. विचारलं तर सावध होईल.

शर्टांचे खिसे तपासले. काही नाही. लाज वाटली, पण हात थांबले नाहीत. माझे हात असलेच. गेल्या वर्षी याच हातांनी बिट्टीची वही उघडली होती. वीस वर्षांची लेक, दुसऱ्या दिवशी बॅग भरून मैत्रिणीकडे राहायला गेली ती गेलीच. चौदा महिने झाले. माझा फोन घेत नाही. बाबाचाही घेत नाही, असं बाबा सांगतो.

आता या घरात दोनच माणसं. त्यातलं एक बुधवारी जातं. तेही कायमचं गेलं तर?

मंगळवार, ११ मार्च

चष्म्यांचं संग्रहालय. एका म्हाताऱ्या चष्मेवाल्याने दुकानाच्या मागच्या खोलीत मांडलंय. मी सहजच बोलल्यासारखं दाखवत विचारलं, गर्दी असते का हो? म्हणाले, कसली गर्दी. एक उंचसे गृहस्थ येऊन गेले, सोबत एक बाई होत्या.

"कशा दिसायला?"

"काय सांगू, चष्मा घरी राहिला होता माझा."

चष्म्यांच्या राज्यात! मग म्हणाले, आवाज मात्र तरुण होता. खूप हसत होत्या. त्यांनीच डबा आणलेला, दोघांनी बाकावर बसून खाल्ला.

म्हणून बुधवारी मी दिलेला डबा अर्धा परत येतो.

बुधवार, १२ मार्च

निळा शर्ट घालून गेला. गुणगुणत आला. साइट कशी होती, विचारलं. म्हणाला, धूळ नुसती. बुटांवर कण नाही!

ताट आपटलं. निसटलं म्हणून सांगितलं.

गुरुवार, १३ मार्च

बहिणीला फोन केला. म्हणाली, राईचा पर्वत करू नकोस. आणि पाळत ठेव. बहीण कुणाची!

सोमवार, १७ मार्च

लिफ्टचं संग्रहालय. बंद कारखान्याचं तळघर. एका निवृत्त लिफ्ट-मिस्त्रींनी एकट्याने जमवलेले जाळीचे दरवाजे, पितळी बटणं, मजल्यांचे आकडे. एक लिफ्ट अजून चालते, हातभर वर जाते आणि खाली येते. परवा बुधवारी ती दोघांना दाखवायची आहे म्हणून मिस्त्री तेलपाणी करत होते. ती दोघं गेल्या बुधवारी आली तेव्हा वीज नव्हती म्हणे.

वही मागितली. गेल्या बुधवारचं पान. उभी अक्षरं — "खूप खूप नवं कळलं."

दुसऱ्या 'खूप'वर पेन्सिलीची रेघ. समासात शेपटीवाला गोल. म्हणजे 'काढून टाका'. आम्हा मुद्रितं तपासणाऱ्यांची खूण. शहरात ती काढणारे पुष्कळ असतील, पण शेपूट उलटी, डावीकडे वळवणारी एकच. आठ वर्षांची असताना माझ्या टेबलाशी बसून शिकली. कितीदा सांगितलं तरी उलटीच काढायची.

मी बाकावर बसले. मिस्त्रींनी पाणी दिलं.

तिच्या वहीत काय होतं ते आता धड आठवतही नाही. आठवतं ते एवढंच, की एका ओळीत एक शब्द दोनदा आला होता आणि माझ्या हातात पेन्सिल होती. रेघ. समासात गोल. त्यावरूनच तिला कळलं. म्हणाली होती, "वाचलंस ते एक वेळ सोडून दिलं असतं, आई. तू तपासलंस!"

कुठे भेटणार होता तो तिला? घरी मी. हॉटेलात ओळखीचं कुणीतरी. म्हणून जिथे कुणीच येत नाही तिथे.

मंगळवार, १८ मार्च

सकाळी त्याला सांगितलं, मला कळलंय. त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुला सांगायचं नाही या अटीवर येते ती. मी शब्द दिलाय. माझे बुधवार घालवू नकोस."

नाही घालवत, म्हटलं.

बुधवार, १९ मार्च

बिट्टी, ही माझी वही बाबाच्या पिशवीत ठेवतेय. एकही पान फाडलेलं नाही, खिशांचंसुद्धा. वाच. सोबत पेन्सिल आहे, हवी तिथे चालव. पुढच्या बुधवारी मी आले तर चालेल? नाही म्हणशील, माहीत आहे. तरी विचारते.