संपात अडकलेली आई

चिमीच्या बाबांना चिमीच्या खऱ्या आईचा नमस्कार.

मी मजेत आहे, काळजी नको. फोनवर तुझी ताई कायम शेजारी असते, म्हणून हे लिहून एका सहप्रवासिनीच्या हाती धाडतेय. तिला उद्याच्या विमानात जागा मिळाली, मला परवाच्या. नशीब एकेकीचं!

संप विमान कंपनीच्याच वैमानिकांचा आहे, त्यामुळे हॉटेल, जेवण आणि वर भरपाईसुद्धा मिळणार. विमानांना वाट दाखवणाऱ्या टॉवरवाल्यांचा संप असता तर भरपाई नसती मिळाली. हे सांगितल्यावर तू काय म्हणालास? "मग सावकाश ये, इथं ताई आहे." सावकाश ये म्हणे!

चिमी वन्संच्या हातून मुकाट्यानं भाजी खाते, हे तू तीनदा सांगितलंस. मी भरवायला गेले की तोंड फिरवते. वेणीही त्यांचीच छान बसते. बसू दे.

वन्संची पाठ कशी आहे? फार राबवू नकोस त्यांना.

विमानतळावर चिमीला घेऊन ये, पण वन्संना आणू नकोस. आम्ही दोघी समोर उभ्या राहिलो, तर ती कुणाला बिलगेल याची मला खात्री नाही.

तुझीच,
आणि तिचीही