वारा पडेपर्यंत

१७ मे

पोचलो एकदाच्या! थंड डोंगरावरच्या दालातहून बस, मग आगगाडी, मग एका भल्या माणसाच्या मोटरसायकलवर आम्ही दोघी आणि तीन बोचकी. बोंगने वाटेत एकदाही कुरकुर केली नाही. पाच वर्षांच्या पोरीच्या मानाने हे फारच झालं.

बदलीचा अर्ज मी आपणहून केला, हे इथल्या हवामान केंद्रावर कुणाला खरंच वाटत नाही. केंद्रप्रमुख दोआनकाका म्हणाले की इथली माणसं दालातला बदली मिळावी म्हणून साहेबांचे पाय धरतात आणि तू उलटी आलीस, पोरी, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मी म्हटलं, डोकं ठीक आहे, छातीसाठी आले आहे. माझ्या नव्हे, लेकीच्या. दालातच्या धुक्यात तिचा दमा हटत नव्हता. चपलांना बुरशी, भिंतीला बुरशी, मग पोरीच्या फुफ्फुसांनी काय घोडं मारलंय? डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेत न्या. आई आणि ताई दालातलाच राहिल्या, निघताना दोघी रडल्या. हवामान खात्यात नोकरी करून एवढा फायदा तरी घ्यावा की नाही!

केंद्राच्या कुंपणाला लागूनच ओ लायचं घर आहे, तिथे खोली मिळाली. इथे आत्याला 'ओ' म्हणतात. बाई साठीच्या पुढची, एकटी, तोंडात सदा विडा. इथली बोली म्हणजे एक गंमतच आहे. मला पाहून तिने विचारलं, "रांग?" आमच्याकडे रांग म्हणजे दात. मी आपले दात दाखवले. इथे त्याचा अर्थ 'काय गं, का?' असा होतो. म्हातारी हसता हसता विडा गिळून बसली.

खिडकीतून वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या वाट्या दिसतात. उंच खांबावर तीन वाट्या, अगदी हळू फिरताहेत.

२२ मे

काल अकराच्या सुमाराला तो आला. लाओसचा वारा. डोंगरावरून खाली उतरला आणि तासाभरात सगळं गाव दारं लावून जमिनीवर आडवं झालं.

दुपारी एकची नोंद: तापमान ३९.६, आर्द्रता ३६ टक्के, वेग सेकंदाला १२ मीटर. दालातला याच वेळी २३ आणि ८८ टक्के असेल. तिथे मोजे वाळायला चार दिवस लागतात. इथे चादरीचं दुसरं टोक पिळेपर्यंत पहिलं वाळलेलं असतं. शिकायला होते तेव्हा हानोईचा उकाडाही सोसला आहे, पण तो अंगाला चिकटून बसतो. हा अंगातलं काढून नेतो. ओठ फुटले, खिडकीची चौकट तडकली, तवा तापल्यासारखा वास दिवसभर नाकात आहे.

दोआनकाका म्हणतात की बिचाऱ्या लाओसला उगाच नाव ठेवतो आपण. तिकडे हाच वारा पाऊस घेऊन येतो, लाडक्या जावयासारखा. सगळं तिकडेच रिकामं करून डोंगर चढतो आणि आपल्याकडे उतरतो तो दरोडेखोर होऊन.

२७ मे

दहा रात्री! दहा रात्री बोंग आडवी पडून झोपली आहे, उशीला टेकून बसून नाही. दम्याचा पंप पिशवीतून काढावा लागलेला नाही. मी आनंदाने अक्षरशः नाचले. ओ लायला म्हटलं, तुमच्या वाऱ्याला नमस्कार, माझ्या पोरीला त्यानेच बरं केलं.

तिने घाईघाईने दार लावून घेतलं. मग म्हणाली की त्याचं कौतुक मोठ्याने करू नये, त्याला कौतुकाची सवय नाही, घरी येऊन बसेल. म्हाताऱ्यांचं काय!

३० मे

हात दाखवून अवलक्षण केलं.

सकाळी बोंगचं डोकं दुखत होतं, दोनदा उलटी झाली, अंग कढत. वारा लागला, दुसरं काय. आमच्याकडे कुणाला वारा लागला की आई, आजी, शेजारीण, जी हाताशी असेल ती करते तेच मी केलं. पाठीला हिरवं तेल लावलं, चमच्याच्या कडेने मणक्याच्या दोन्ही बाजूंनी वरून खाली खरवडलं. लाल रेघा उमटल्या, काही जांभळ्या. म्हणजे वारा निघतोय. माझी आई माझा असाच काढायची. मी हवामानशास्त्र शिकले खरी, पण ताप आला की हात चमच्याकडेच जातो.

तेवढ्यात ओ लाय पाणी द्यायला आत आली. तिने हातातली घागर टाकली, माझ्या हातातला चमचा हिसकावला आणि नको नको ते बोलली. या वाऱ्यात खरवडतात का गं, अक्कल कुठे गहाण टाकलीस, असं काहीबाही. मी चिडले. शांत झाल्यावर तिने सांगितलं ते असं: दुसरीकडचा वारा अंगात शिरलेला असतो, रेघा ओढल्या की त्या वाटेने बाहेर जातो. हा अंगणात उभा असतो. याला वाट करून दिली की हा आत येतो.

संध्याकाळपर्यंत ताप उतरला. मी मुद्दाम तिला जाऊन सांगितलं. ती नुसती बोंगकडे बघत राहिली.

३१ मे

बोंग ठणठणीत आहे. उड्या मारते, खाते. फक्त पाणी पीत नाही. चाळीस अंशांत तिला घामही येत नाही. हात लावला तर कातडी कोरडी, तापलेल्या कौलासारखी. ताप मोजला, ३७. मग काय झालं?

रेघा फिकट व्हायला हव्या होत्या. झाल्या नाहीत.

२ जून

हे लिहू की नको. मी आकड्यांवर विश्वास ठेवणारी बाई आहे, म्हणून आकडेच लिहिते.

दुपारी एकची नोंद घेऊन आले. बोंग निजली होती. तिच्या छातीकडे बघत मी सहज खिडकीबाहेर पाहिलं. झोत आला, वाट्या भरभर फिरल्या, तिची छाती वर आली. झोत ओसरला, छाती खाली गेली. योगायोग असेल म्हणून मोजलं. चाळीस झोत, चाळीस श्वास. पुन्हा मोजलं. साठाला साठ.

खिडकी लावली, पडदा ओढला, बाहेर न बघता तिचे श्वास वहीत टिपले. मग केंद्रावर जाऊन यंत्राचा कागद काढला आणि वही शेजारी ठेवली. एकही चूक नाही.

दोआनकाकांना दाखवलं नाही. काय म्हणून दाखवू?

४ जून

आज बारा वाजून दहा मिनिटांनी वारा थांबला. वाट्या थांबल्या. झाडाचं पानही हलत नव्हतं.

बोंग चित्राला रंग देत होती. हातातली पेन्सिल तशीच राहिली. डोळे उघडे. मी ओरडले, हलवलं, तोंडाला तोंड लावून फुंकलं. हवा आत जाईना, भिंतीवर फुंकावं तशी परत येई. एक मिनिट चाळीस सेकंद. घड्याळ समोर होतं म्हणून माहीत.

मग पुन्हा झोत आला. तिने श्वास घेतला आणि विचारलं की आई, तू रडतेस का.

५ जून

तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, छाती इतकी स्वच्छ आहे की दमा होता यावर विश्वास बसत नाही. मी वारा, श्वास सगळं सांगितलं. त्यांनी मलाच झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

बाहेर वारा होता. तो असेपर्यंत ती ठणठणीतच दिसणार.

६ जून

प्रांताच्या कार्यालयातून अंदाज आला. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय. ८ तारखेला दुपारी वारा पडेल, पूर्वेकडून पाऊस. केंद्रात टाळ्या वाजल्या. दोआनकाका बदक कापणार आहेत. म्हणाले, तूसुद्धा ये पोरीला घेऊन, तुझी पहिली सुटका आहे.

मी तो कागद चार वेळा वाचला. आयुष्यभर असे कागद मीच लिहीत आले.

ओ लायच्या पायांवर डोकं ठेवलं. बोंगला परत खरवडलं तर? म्हणाली, तिचा स्वतःचा श्वास कधीच बाहेर गेला, आत आहे तो हाच, याला काढलंस तर उरेल काय? मग उपाय? तिने सुपारी कातरायला घेतली. शेवटी म्हणाली, त्याला मोठं घर दाखवायचं. पोरीला छातीशी धरून दुसऱ्याने आपली पाठ द्यायची. मोठं घर मिळालं की तो लहान सोडतो. पोरगी मग आपली आपण हवा ओढेल. जन्मली तेव्हा ओढलीच होती की.

तुला कसं ठाऊक, विचारलं. तर म्हणाली, मी सात वर्षांची असताना समुद्राकडच्या मावशीने मला असंच खरवडलं होतं, आईने पाठ दिली.

आणि आई?

अकरा दिवस होती म्हणाली. शेंगा सोलत बसली होती. वारा पडला. सूप मांडीवरच राहिलं.

७ जून

भीती वाटते. फार वाटते. मी तीस वर्षांची आहे. मला मरायचं नाही.

दुसरा काही मार्ग — वाऱ्यामागे जायचं? डोंगर चढून, सीमेपलीकडे? पण तिकडे तो ओला आहे, तो हा नाहीच. आणि इथे तो उद्या दुपारनंतर कुठेच नसेल. नकाशे काढून बसले. जगातल्या अशा वाऱ्यांची यादी मला पाठ आहे. एकही उद्यापर्यंत गाठता येणार नाही.

बोंग विचारत होती, पाऊस आला की भिजायचं का.

हो म्हटलं.

८ जून

सकाळी ९. वेग ९. ओ लायने तेल कोमट केलं आहे. मी बोंगचे केस विंचरून दिले.

१०.२०. झालं. फार दुखलं. बोंग छातीशी होती. चौथ्या रेघेला तिचं अंग सैल पडलं, ओठ निळे, एक, दोन, तीन — मी किंचाळले — आणि तिने ओढला. मोठ्याने, घशातून, तान्ह्या पोरासारखा. मग रडायला लागली. मग पाणी मागितलं. तीन पेले प्यायली! कपाळावर घाम. मी तो घाम चाटला, वेडी झाले होते.

वाट्या जोरात असताना ती श्वास सोडत होती. बघितलं. दोनदा बघितलं. तिचा तिचाच आहे.

११.३०. वेग ५. माझा मात्र —
झोत आला की आत येतो. मला काही करावं लागत नाही. तहान नाही.

१२.१०. वेग ३. पूर्वेला ढग. बोंगला दोआनकाकांकडे बदक खायला पाठवलं. जाईना, गळ्यात पडली. ओ लाय घेऊन गेली. बरं झालं. तिने बघू नये.

१२.२५. वेग २. ताई, ही वही तुला मिळेल. बोंगला दालातला घेऊन जा. दमा परत येईल, येऊ दे. पंप निळ्या पिशवीत, दोनदाच दाबायचा, मग दहापर्यंत मोजायचं. तिला ताप आला तर औषध दे. चमचा लावू देऊ नकोस कुणाला, आईलाही नाही —

१२.४०. वेग १. हात जड. दोन झोतांच्या मध्ये लिहिता येत नाही, झोत आला की
अंडं पिवळं कच्चं असेल तर खात नाही. केस विंचरताना खालून सुरुवात कर, वरून केली तर ओरडते. आणि झोपताना तिला पाठीवर हात लागतो, थोपटायचं नाही, नुसता ठेवायचा, ती झोपली असं वाटलं तरी लगेच काढू नकोस, ती जागीच असते, थोडा वेळ तसाच