मागच्या दारावरची अक्षरे

उमरी, दि. २ सप्टेंबर २०२४

लिहून देणार नरसिंग सटवाजी हनमंते, वय ७८ वर्षे, सेवानिवृत्त कोतवाल, शिक्षण चौथी पास, राहणार उमरी, जिल्हा नांदेड.

चि. सुगत यास जयभीम व आशीर्वाद. फोनवर तू सदैव घाईत असतोस, म्हणून लेखी विचारतो.

बुद्धपौर्णिमेस तू नवी गाडी घेऊन आलास, पाऊण तास बसलास व लातूरला परत गेलास. त्यास सव्वातीन महिने झाले. गाडीच्या मागे झेडएक्सआय अशी अक्षरे होती. एल खालचा दर्जा, व्ही मधला, झेड वरचा. म्हणजे शिपाई, कारकून व तहसीलदार, असे मी पारावर सर्वांस समजावून सांगितले होते. परवा जीपवाला संघपाल सर्वांसमोर म्हणाला की, तुझ्या गाडीची मागची काच हाताने फिरवावी लागते. झेडची बटणावर असते. लोक हसले. खरे काय ते कळवावे.

गाडीसाठी अंगणातील धुण्याचा दगड हलवला होता. शेजारचे किशनराव त्या जागेत कडबा रचू मागतात. मी नकार दिला आहे.

तुझा पिता,
न. स. हनमंते


लातूर, ११ सप्टेंबर

ती. बाबांना सुगतचा सविनय जयभीम. रूपाली बरी आहे, तुमच्या गुडघ्याचं विचारते.

बाबा, गाडी एलएक्सआयच आहे. आम्हाला तेवढीच झेपली. पण ती घरी यायच्या आधीच पोरानं वरचं मॉडेल घेतलं म्हणून तुम्ही उमरीभर सांगून मोकळे झालात. तुम्हाला खोटं कसं पाडायचं? इथं सीट-कव्हरच्या दुकानात ती अक्षरं सुटी मिळतात. चिकटवली. त्या दिवशी संघपाल काचेकडं बघून राहिला होता, म्हणून लवकर निघालो. नंतर त्याच धाकानं आलो नाही.

रूपाली म्हणते, बाबांना मुलगा पाहिजे की तहसीलदार, एकदा विचारून घ्या. माझी हिंमत होत नाही.

माया कमी करू नका.
सुगत


उमरी, दि. १६ सप्टेंबर

चि. सुगत यास आशीर्वाद.

सूनबाईंचा प्रश्न रास्त आहे. चाळीस वर्षे मी साहेबांच्या जीपमागे पायी चाललो. पाटी पाहून माणूस ओळखण्याची सवय लागली. मुलगा तसा ओळखायचा नसतो.

काल पारावर उभे राहून मी जाहीर केले की, गाडी खालच्या दर्जाची आहे व वरचा दर्जा मीच लावला होता. कोणी हसले नाही. संघपाल एवढेच म्हणाला की, काच हाताने उघडली तरी वारे तेवढेच येते.

ती अक्षरे तू येथे येऊन माझ्यासमोर काढावीस. खोबरेल लावल्यास डिंक सुटतो. धम्मचक्र दिनापूर्वी ये व मुक्कामाने ये. मागे मी बसेन, काच मी फिरवीन. दगड अद्याप बाजूलाच आहे.

वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे.

हजर साक्षीदार:
१. संघपाल, जीपवाला (सही)
२. ही जागा तुझ्यासाठी कोरी ठेवली आहे. पंच दोन लागतात.