भाकड म्हशीची पारडी

प्रति,
मा. गुरे-नोंद अधिकारी,
गुरे-नोंद कचेरी व कोंडवाडा,
ठाणे.

अर्जदार: कु. मंदाकिनी विठ्ठल मढवी, इयत्ता दहावी, राहणार बाळकुम.

विषय: भाकड समजून जमा केलेली आमची दुभती म्हैस उद्याच्या लिलावातून वगळून परत मिळण्याबाबत.

संदर्भ: गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभात आपण मला म्हणालात ते, "अडचण आली तर लिहून कळव. तुला लिहिता येतं."

महोदय,

अडचण आली आहे, म्हणून लिहून कळवीत आहे.

१. मी ती निबंधवाली मुलगी. विषय होता 'आधुनिक राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेत दुग्धव्यवसायाचे स्थान'. पहिले बक्षीस म्हणून पितळी गडू आपल्याच हातून मिळाला. आपण भाषणात माझे एक वाक्य वाचून दाखवलेत आणि सभागृहात टाळ्या पडल्या. ते वाक्य असे होते: "भाकड जनावर हे राष्ट्राच्या चाऱ्यावरचे ओझे असून, ते वेळीच दूर केल्यावाचून दुभत्या जनावराला पोटभर चारा मिळणार नाही." हे वाक्य मी कुठून उतरवलेले नव्हते, माझे मीच जुळवले होते. त्यामुळे आठवडाभर मी घरात कोणाचे ऐकून घेत नव्हते.

२. पुढे चाराटंचाईचा हुकूम निघाला आणि सोमवारी आपले शिपाई बाळकुमात येऊन यादीतली भाकड जनावरे घेऊन गेले. त्यांत आमची चांदी नेली. कपाळावर पांढरा ठिपका, डावे शिंग किंचित खाली. उद्या शनिवारी लिलाव आहे आणि कल्याणचे व्यापारी लॉऱ्या घेऊन येणार आहेत. त्या लॉरीत चढलेले जनावर पुन्हा कोणाच्या गोठ्यात दिसत नाही, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक आहे.

३. चांदी भाकड नाही. संक्रांतीनंतर ती व्याली असून तिची पारडी घरी होती. आता आपण विचाराल, मग यादीत भाकड कशी. हे सांगायला माझ्या वडिलांनी मला परवानगी दिलेली नाही. तरी सांगते.

पाच वर्षांपूर्वी जनावरे लिहून घ्यायला आपल्या कचेरीतले श्री. त्र्यंबकराव कारकून आमच्या दारी आले. ज्याचे जनावर दुभते म्हणून लिहिले जाई, त्याला सगळे दूध सरकारी केंद्रावर घालावे लागे आणि घरच्या पोराला वाटीभर ठेवले तरी बोलणी बसत. माझा भाऊ उत्तम तेव्हा महिन्याचा होता आणि आईला दूध नव्हते. वडील म्हणाले, "भाकड हाय, सायब." त्र्यंबकरावांनी तसे लिहिले, ओटीवर बसून चहा घेतला आणि म्हणाले, "चहा दाट झालाय हो." त्यानंतर दर वर्षी ते येत, "अजून भाकडच का, विठ्ठल?" म्हणून विचारत, "अजून भाकडच" असे उत्तर घेत आणि चहा घेऊन जात. एकदा दोन कप घेतले.

म्हणजे राष्ट्राच्या हिशेबात आमचे दूध कधी आलेच नाही. माझ्या निबंधात दुधाचे जे आकडे होते, ते आमच्या चांदीला सोडून होते, हे मला निबंध लिहिताना सुचले नाही. आमचा भाऊ त्या दुधावर वाढला, आणि मी त्याच दुधाचा पेला पिऊन ते वाक्य लिहिले. महोदय, ते वाक्य मी मागे घेते. गडू परत करीत आहे.

४. मंगळवारी मी व माझी काकी रंगूबाई आपल्या कचेरीत आलो. आपली भेट झाली नाही. त्र्यंबकराव भेटले. त्यांनी ओळख दाखवली, पण हळूच. मी म्हटले, "काका, चांदी दूध देते, तुम्हांला ठाऊक आहे." ते म्हणाले, "पोरी, मला ठाऊक असून काय उपयोग? कागदाला ठाऊक पाहिजे. पाच वर्षं मी माझ्या हातानं भाकड लिहिलंय. आज दुभती लिहिलं, तर साहेब विचारतील, पाच वर्षं डोळे कुठे होते."

मी म्हटले, सगळ्यांसमोर पिळून दाखवते. त्यावर ते म्हणाले, "दूध निघालं तर दुभतं जनावर लपवल्याबद्दल बापावर खटला. नाही निघालं तर लिलाव. आता सांग, काढायचं का दूध?"

काकी म्हणाली, "दादा, तुमच्या पोटात आमची साय हाय, तिला तरी विचारा." त्यांनी मान खाली घातली आणि पुढच्या माणसाला बोलावले.

घरी येऊन मी वडिलांना सांगितले. ते गोठ्यात रिकाम्या दाव्याजवळ बसले होते. म्हणाले, "जाव दे गो बाय. आपुनच सांगलंय भाकड. आता कुनाला सांगनार? मी आत गेलो त तुजी शाला कोन बगनार?" वडील असे कधी बोलत नाहीत. ते भांडणारे आहेत.

५. पारडीचे सांगायचे राहिले. चांदी नेल्यापासून ती पेज पीत नाही, बाटलीला तोंड लावीत नाही. शेजारच्या म्हशीजवळ नेली तर म्हशीने लाथ मारली. म्हणून गुरुवारी, म्हणजे काल, पहाटेच आम्ही तिला घेऊन इथे आलो. वाटेत काकीने तिला बराच वेळ खांद्यावर घेतले. काकीचे वय झाले आहे. शिपायाला म्हटले, आत सोडा, दोन घोट पिऊ दे, मग बाहेर काढा. शिपायाने त्र्यंबकरावांना विचारले. उत्तर आले की जमा जनावरांच्या यादीत पारडी नाही, आणि भाकड म्हशीला पारडी असू शकत नाही, सबब आत घेता येत नाही.

तेव्हा आम्ही तिला फाटकाच्या खांबाला बांधले. ती रेकू लागली. महोदय, पुढचे मी कुंपणातून स्वतः पाहिले आहे. चांदी कुंपणाशी आली, उभी राहिली, आणि कोणी हात न लावता तिला पान्हा सुटला. दूध खाली मातीत पडत होते. मला वाटले, झाले, पुरावा आपोआप आला. मी ओरडून त्र्यंबकरावांना बोलावले. ते आले, पाहिले, म्हणाले, "पाणी सांडलं असेल कोणी." शिपायाने मात्र बादली आणली आणि पिळायला बसला.

काल संध्याकाळी त्याने पिळले. रात्र आम्ही फाटकापाशीच काढली. आज सकाळीही त्याने पिळले. आज पारडी रेकेनाशी झाली, तेव्हा त्याने बाहेर येऊन काठीने तिला डिवचले, ती रेकली, आणि तो पुन्हा आत जाऊन पिळायला बसला. मग कचेरीत चहा झाला. त्र्यंबकरावांना एक कप गेला आणि एक कप बशी झाकून आपल्या खोलीत गेला. मी दारात उभी होते. त्यावर साय होती.

आपण तो प्यायला असाल तर तो पुरावा मानावा, ही विनंती. आपल्याला कोणी सांगितले नसेल, हे मी जाणते, आणि हे लिहिताना माझ्या मनात आपल्याविषयी वाईट नाही. आपण एकट्यानेच माझे वाक्य मोठ्याने वाचले होते.

६. माझी मागणी अशी. वडिलांवर खटला करायचा तर करावा. ते खोटे बोलले, आणि ते का बोलले हे मी वर लिहिले आहे. मला शाळेतून काढायचे असेल तर तसे मुख्याध्यापकांना कळवावे, मी घरी बसून पुस्तके वाचीन. फक्त चांदीच्या नावापुढचा एक शब्द आज दिवस मावळायच्या आत खोडावा. उद्या खोडला तर ते बरोबर असले तरी उपयोगाचे नाही.

आणि ते जमत नसेल, तर निदान पारडीला एकदा आत सोडावे. यादीत तिचे नाव नको, नोंद नको. फाटक उघडले की ती कोणाला न विचारता आपल्या आईपाशी जाईल.

हा अर्ज मी आपल्या कचेरीच्या पायरीवर बसून लिहिला. सुरुवात केली तेव्हा पारडी उभी होती. आता ती बसली आहे आणि मान जमिनीला टेकवली आहे. शिपाई मघाशी काठी घेऊन आला होता. काकी मध्ये उभी राहिली, तर म्हणाला, "रेकली नाही तर संध्याकाळचा चहा कसा व्हायचा, आजी?" काकी जागची हललेली नाही.

आपण एकदा बाहेर यावे, म्हणजे वाचायचे उरलेले आपल्याला दिसेल.

आपली विद्यार्थिनी व अर्जदार,
मंदाकिनी विठ्ठल मढवी
ठाणे, शुक्रवार, दि. २७ मार्च १९५३

सोबत:
(१) पितळी गडू, एक. आपल्या हातून मिळालेला.
(२) निबंधाची प्रत. सांगितलेले वाक्य खोडले आहे.
(३) पारडी, एक. फाटकाच्या डाव्या खांबाला बांधली आहे. अर्जाला वेळ लागणार असेल तर तिला सावलीत घ्यावी. रेकली नाही तरी ती आमचीच आहे.